महाविद्यालयाचे पहिले वर्ष : विषयांची निवड आणि पूर्वतयारी



बारावीचा निकाल साधारणपणे मे महिन्यात लागतो. त्या दिवशी गावात पेढे वाटले जातात, उत्तीर्ण मुलामुलींचे कौतुक होते. आठवडाभरात हे कौतुक ओसरते आणि घराघरात एक प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कुटुंबाला मिळणारा अवधी काही आठवड्यांचाच असतो. ज्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, तेथे हा निर्णय वर्ष-दोन वर्षे आधीपासून आकार घेत असतो. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयाची पायरी चढणार असते, तेथे मात्र तो एखाद्या दुपारी, प्रवेशाच्या खिडकीसमोर उभ्या उभ्या घेतला जातो. मित्राने जो विषय घेतला तो, किंवा ज्या विषयाच्या जागा शिल्लक आहेत तो.

अशा निवडीचा परिणाम लगेच दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास तास बुडू लागतात. पहिल्या सत्राचा निकाल लागतो तेव्हा दोन-तीन विषय राहिलेले असतात. पुढील जूनमध्ये तो विद्यार्थी महाविद्यालयात येत नाही. त्याचे नाव पटावरून कमी होते. परंतु ‘विषय चुकला’ असे कारण कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही. बुद्धी कमी पडली, असाच समज घरच्यांचा होतो आणि पुढे त्या विद्यार्थ्याचाही होतो. वस्तुतः अनेकदा कमी पडलेली असते ती वेळेवर मिळालेली माहिती. ही माहिती पोचविणे हे शिक्षकांचे, पंचायतीचे आणि शासनयंत्रणेचे सामायिक काम आहे.

विद्यापीठ दाराशी आले

महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १९२३ मध्ये नागपूर आणि १९४९ मध्ये पुणे येथे विद्यापीठे सुरू झाली. १९५८ मध्ये तत्कालीन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ अस्तित्वात आले. त्यानंतर अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४ आणि गडचिरोली २०११, असा हा प्रवास झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात महाविद्यालय काढले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व खेड्यातील गरीब मुलाला उच्च शिक्षणापर्यंत नेणारा रस्ता ठरले.

आज बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालय आहे. अंतराचा प्रश्न पुष्कळ ठिकाणी सौम्य झाला आहे. आता खरी अडचण येते ती दारातून आत गेल्यावर काय निवडावे, ही.

नव्या रचनेतील विषय

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास मान्यता दिली. त्यानुसार पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना राज्याने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने निश्चित केली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. त्यामुळे गावातील जे पदवीधर जुन्या पद्धतीने शिकले, त्यांचा अनुभव आजच्या विद्यार्थ्याला पूर्णपणे उपयोगी पडतोच असे नाही. ‘आमच्या वेळी असे होते’ हा सल्ला प्रेमाचा असतो, पण आता तो तपासूनच घ्यावा लागतो.

नव्या रचनेत विद्यार्थी एका वेळी अनेक प्रकारचे विषय शिकतो. मुख्य विषय हा पदवीचा कणा असतो. त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय असतो. तिसरा प्रकार खुल्या ऐच्छिक विषयाचा. तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो; म्हणजे कला शाखेतील विद्यार्थ्याने वाणिज्य किंवा विज्ञान शाखेकडील एखादा विषय शिकावा, अशी अपेक्षा आहे. याशिवाय व्यावसायिक व कौशल्याधारित विषय, भाषा व संवादकौशल्य, पर्यावरणासारखे मूल्यशिक्षणाचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, तसेच क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना यांसारखे सहशालेय उपक्रम यांनाही गुणांकनात स्थान आहे. पुढील वर्षांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रीय प्रकल्प आणि लोकसंपर्काचे काम येते.

विद्यापीठागणिक या रचनेच्या तपशिलात फरक आहे. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकावयाचे असतात आणि त्यांतील मुख्य कोणता हे दुसऱ्या वर्षी ठरते. काही ठिकाणी मुख्य विषय आरंभीच ठरतो. म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयाचे माहितीपत्रक वाचणे आणि एक प्रश्न स्पष्टपणे विचारणे आवश्यक आहे : पहिल्या वर्षी घेतलेला विषय पुढे बदलता येईल का, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तो याच महाविद्यालयात शिकविला जातो का? छोट्या महाविद्यालयांत सर्वच विषय मुख्य विषय म्हणून उपलब्ध नसतात. हे दुसऱ्या वर्षी कळले, तर नको असलेला विषय पत्करणे किंवा गाव बदलणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

श्रेयांकांचा हिशेब

नव्या पद्धतीत अभ्यासाचे मोजमाप श्रेयांकांत होते. व्याख्यानाच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास लागतात. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे असतात. समजा, २२ श्रेयांकांपैकी १६ व्याख्यानांचे आणि ६ प्रात्यक्षिकांचे आहेत. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला १६ तास व्याख्यानांचे आणि १२ तास प्रात्यक्षिकांचे, असे २८ तास महाविद्यालयात द्यावे लागतील. स्वतःचा अभ्यास याहून वेगळा.

हा हिशेब गावाच्या संदर्भात मांडला म्हणजे त्याचा अर्थ कळतो. ज्या विद्यार्थ्याला सकाळी सातची एस. टी. पकडून यायचे आणि दुपारी दोनच्या गाडीने परतायचे आहे, त्याने चार वाजेपर्यंत प्रात्यक्षिके चालणारे विषय घेतले, तर रोजची ओढाताण अटळ आहे. अशा वेळी विषय सोडावा असे नाही. परंतु वसतिगृह, नातेवाईकांचे घर किंवा परतीची उशिराची गाडी यांचा विचार प्रवेशाआधीच करावा लागतो. वेळापत्रक पाहून विषय निवडणे यात कमीपणा नाही. उपस्थितीची अट साधारणतः ७५ टक्के असते आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वर्गात हजर राहणाऱ्यालाच मिळतात.

मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात. त्यासाठी विद्यार्थ्याचे खाते उघडावे लागते. शाळेच्या दाखल्यावरील नाव, आधारपत्रावरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत काना-मात्रेचा फरक असला, तरी येथे अडचण उद्भवू शकते. ही दुरुस्ती शाळेत असतानाच करून घेणे सोयीचे असते.

निवड कशी करावी

विषय निवडताना विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारले जावेत. पहिला, कोणत्या विषयाचे पुस्तक तो परीक्षा नसतानाही उघडतो? दुसरा, त्या विषयासाठी बारावीचा जो पाया लागतो तो त्याच्याजवळ आहे काय? तिसरा, पदवीनंतर त्याला कोणकोणत्या दिशांनी जाता येईल?

यांपैकी दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळता येते. कला शाखेतून विज्ञानाकडे जाण्याची वाट सहसा बंद असते. बारावीला गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीची आणि पदवीला गणित घेण्याची दारे बहुधा मिटलेली असतात. म्हणजेच महाविद्यालयातील निवडीचा अर्धा भाग दहावीनंतर अकरावीत प्रवेश घेतानाच ठरून जातो. माध्यमिक शिक्षकांनी हे दहावीच्या वर्गातच सांगितले पाहिजे.

प्रवेश परीक्षांचेही तसेच. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम इत्यादींसाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. २०२४-२५ पासून व्यवस्थापन आणि संगणक उपयोजन या विषयांतील पदवी अभ्यासक्रमही, म्हणजे ज्यांना सर्वसामान्यपणे बीबीए, बीसीए म्हणतात तेही, अशा परीक्षेच्या कक्षेत आले. या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरले जातात. निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष त्या दिवशीच हातचे गेलेले असते, मग त्याचे गुण कितीही असोत.

निवडीचे एक उदाहरण घेऊ. अवर्षणग्रस्त तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील एक मुलगी कला शाखेत प्रवेश घेणार आहे. तिला भूगोलाची आवड आहे. भूगोल मुख्य आणि अर्थशास्त्र दुय्यम असे घेतल्यास जमीन, पाणी, पीक आणि बाजार यांचा परस्परसंबंध तिला दोन्ही अंगांनी समजतो. खुला ऐच्छिक विषय म्हणून वाणिज्य शाखेकडील हिशेबलेखनाची ओळख आणि कौशल्यविषय म्हणून नकाशावाचन किंवा सर्वेक्षण उपलब्ध असल्यास ते तिने घ्यावे. अशा जुळणीतून स्पर्धा परीक्षा, शिक्षकी पेशा, पाणलोट विकासाचे काम, सहकारी संस्थेतील नोकरी किंवा पदव्युत्तर अभ्यास, असे अनेक मार्ग खुले राहतात. हेच विषय एकमेकांशी संबंध न पाहता घेतले असते, तर तीन वर्षांनी हाती पदवी असती, पण तिची दिशा सांगता आली नसती. ऐच्छिक विषय ‘सोपा’ म्हणून घेण्याची जी प्रथा पडते, तिचा तोटा हाच आहे.

कागदपत्रांची वेळ

अनेक प्रवेश गुणांअभावी हुकत नाहीत. ते दाखल्याअभावी हुकतात. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांकडील उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, आवश्यक तेथे उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, ही कागदपत्रे निकालानंतर जमविण्याची नव्हेत. जून महिन्यात सेवा केंद्रांवर होणारी गर्दी सर्वांच्या परिचयाची आहे. उन्नत गटासंबंधीच्या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. अकरावीत काढलेले प्रमाणपत्र ऐन प्रवेशाच्या वेळी कालबाह्य झाल्याचे अनेकांना खिडकीवर कळते.

व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांसाठी जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पडताळणी समितीपुढे वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी व महसुली पुरावे सादर करावे लागतात. जुनी नोंद कधी दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेत असते, कधी मोडी लिपीत असते. यास वेळ लागतो. म्हणून हा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करणे हिताचे. गावच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी जुन्या निर्गम उताऱ्यांच्या प्रती तत्परतेने दिल्या, तर एका कुटुंबाची कित्येक खेट्यांतून सुटका होते.

खर्च आणि सवलती

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, अशा अनेक योजना राज्यात आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी या संगणकीय व्यवस्थेतून भरले जातात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. खाते जोडलेले नसल्यास मंजूर रक्कमही अडकून राहते.

मुलींच्या शिक्षणासाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महत्त्वाची तरतूद झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास ती लागू नाही. हा फरक ठाऊक नसल्यामुळे कुटुंबाची फसगत होऊ शकते.

प्रवासाची बाब लहान वाटली तरी निर्णायक ठरते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास मिळतो. महाविद्यालयात गेल्यावर हा पास मिळत नाही. विद्यार्थ्यांसाठी असलेला सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. जे घर मुलीला शिकविण्याबाबत आधीच साशंक असते, तेथे दरमहा नव्याने येणारा हा खर्च आणि संध्याकाळच्या गाडीची अनिश्चितता शिक्षण थांबविण्यास पुरेशी होते.

परिस्थितीमुळे शिक्षण सोडावेच लागले, तरी नव्या रचनेत सारे वाया जात नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक आणि त्याखेरीज ठरावीक कौशल्य अभ्यासक्रमाचे ४ श्रेयांक मिळविल्यास प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळते. मध्ये बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या मुलीला आणि तिच्या सासरच्या मंडळींना ही तरतूद कोणीतरी समजावून सांगितली पाहिजे. नियमित वर्गांना येणे अशक्य असलेल्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्गही आहे.

अभ्यासाची पूर्वतयारी

परीक्षा संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत विद्यार्थ्याला दोन ते तीन महिने मिळतात. या काळात चार गोष्टी साधता येतात.

पहिली, भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला संकल्पना माहीत असते, पण तिचे इंग्रजी नाव अपरिचित असते. रोज दहा पारिभाषिक शब्दांची द्विभाषिक वही केली, तर साठ दिवसांत सहाशे शब्द होतात. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश यासाठी उपयुक्त आहेत. दुसरी, टिपणे काढण्याची सवय. शाळेत फळ्यावरचे उतरवून घेतले जाते. महाविद्यालयात ऐकता ऐकता मुद्दे टिपावे लागतात. आकाशवाणीवरील बातम्या ऐकून त्यांचा सारांश पाच ओळींत लिहिणे हा यासाठी बिनखर्चाचा सराव आहे. तिसरी, वाचनाची. पाठ्यपुस्तकाखेरीज आपल्या विषयावरील एक तरी पुस्तक अखेरपर्यंत वाचलेले असावे. चौथी, संगणकाची. अर्ज भरणे, पत्र टंकलिखित करणे आणि आवश्यक माहिती शोधणे, एवढे स्वतःला आले म्हणजे प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दुकानात जाऊन आपली गुप्त अक्षरे सांगण्याची वेळ येत नाही.

महाविद्यालयात गेल्यावर पहिल्या महिन्यात ग्रंथालयाचे कार्ड काढावे आणि प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांशी एकदा तरी बोलावे. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर खचून जाण्याचे कारण नाही. राहिलेले विषय सोबत घेऊन पुढील वर्गात जाण्याची सोय ठरावीक मर्यादेपर्यंत असते. मात्र ही मर्यादा किती, हे पहिल्या परीक्षेपूर्वीच ठाऊक असावे.

गावाने करावयाचे काम

यासाठी नवा निधी किंवा नवी समिती लागत नाही. महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, ग्रामसभा भरते. निकाल त्याच सुमारास लागावयाचा असतो. या सभेत अर्धा तास ‘दहावी-बारावीनंतर’ या विषयासाठी राखून ठेवता येईल. गावातील बारावीच्या मुलामुलींची यादी, कोणाचे कोणते दाखले बाकी आहेत याची नोंद आणि त्याच गावातील, सध्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एक-दोन विद्यार्थ्यांचे अनुभव, एवढी तयारी पुरे. सार्वजनिक वाचनालयात जवळच्या तीन-चार महाविद्यालयांची माहितीपत्रके ठेवता येतील. तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी एप्रिलमध्येच दाखल्यांसाठी शिबिरे घेतली, तर जूनची गर्दी निम्म्यावर येऊ शकेल. बसच्या वेळा महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळत नसतील, तर पंचायतीने आगाराकडे ठराव पाठवून पाठपुरावा करावा.

यादीतील प्रत्येक नावाची दिवाळीनंतर पुन्हा एकदा विचारपूस व्हावी : जातो का, जाते का, काय अडते? पहिल्या वर्षात गळणारा विद्यार्थी बहुधा याच काळात गळतो, आणि याच काळात त्याला परत उभे करणे सर्वांत सोपे असते. एका फेरीच्या गाडीने, एका दाखल्याने किंवा एका शिक्षकाच्या दोन शब्दांनी जे टिकते, ते नंतर कोणत्याही योजनेने भरून निघत नाही. ज्या गावाला आपल्या शिवारातील प्रत्येक विहिरीची पाणीपातळी ठाऊक असते, त्या गावाला आपल्या मुलांपैकी कोण महाविद्यालयात गेले आणि कोण मध्येच परत आले, हेही ठाऊक असले पाहिजे.